मॅडमला सासरा नसतो

आमच्या घरात देवांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील एसटीत कंडक्टर. मंचर, लोणी, आळेफाटा, जुन्नर हा त्यांचा फेरा, आणि तिकिटांच्या पेटीशेजारी पिशवीत पत्रकांची गुंडाळी कायम. काही कुणी मोर्चाहून परतताना हातात कोंबलेली, काही सीटवर विसरून गेलेली, काही त्यांनी स्वतः पुण्याच्या सभांमधून आणलेली. हुंडा, बुवाबाजी, दुधाचे भाव, धरणात गेलेल्या जमिनी, दारूची दुकानं. फडताळाच्या फळ्यांवर आई तीच अंथरायची, आणि मी डबे उचलून खालचं वाचायचे. शाळेच्या पुस्तकातलं कमळ आणि बदक यायच्या आधी मला 'जाहीर निषेध' वाचता येत होतं. त्यामुळेच असेल, हळू आवाजात लिहिणं मला अजून जमत नाही.

एका शब्दाशी माझं भांडण होतं, तेही पत्रकांतूनच सुरू झालेलं. शब्द साधा आहे. मॅडम.

मी सातवीत असेपर्यंत आमच्या शाळेत शिकवणारी बाई ही बाईच होती. मराठीच्या बाई, भूगोलाच्या बाई. नव्वदीची शेवटची वर्षं होती. आठवीत विज्ञानाला पुण्याकडून रोज एसटीनं येणाऱ्या नव्या शिक्षिका आल्या आणि पहिल्याच तासाला म्हणाल्या, मला बाई म्हणायचं नाही, मॅडम म्हणायचं. त्या दिवसापासून शिक्षकांच्या खोलीत एक मॅडम आणि बाकीच्या बाई असे दोन भाग झाले. मराठीच्या बाई वीस-बावीस वर्षं त्याच खोलीत बसत होत्या. त्यांची खुर्ची होती तिथंच होती, पण त्या मला एकदम लहान दिसायला लागल्या.

त्याच आठवड्यात इंग्रजीच्या सरांनी फळ्यावर तीन शब्द लिहिले. लग्न झालं नसेल तर मिस. झालं असेल तर मिसेस. माहीत नसेल तर मॅडम. मी उभी राहून विचारलं, पुरुषाचं लग्न झालं असेल तर काय म्हणायचं? सर म्हणाले, मिस्टर. आणि झालं नसेल तर? मिस्टरच. वर्ग हसला. सर पण हसले आणि म्हणाले, पुरुषाला काय विचारायचं त्यात.

मी हादरले. लग्नपत्रिकेवरचं कु., सौ. आणि नवरा गेलेल्या बाईचं श्रीमती हा आपल्याकडचाच रोग आहे असं मी पत्रकांत वाचलं होतं, आणि इंग्रजी ही शहाण्या लोकांची भाषा असल्यानं तिथं हे नसणार असं मी धरून चालले होते. तर तिथंही दारातच विचारतात, बाई, तुझा माणूस कुठाय? वर सरांनी असंही सांगितलं, की जुन्या रीतीप्रमाणे मिसेसच्या पुढं नवऱ्याचंच नाव लिहायचं, त्याचं पाळण्यातलं नाव आणि आडनाव दोन्ही. मग तिचं? तिचं नसतंच, सर म्हणाले. आमच्या गावात सौ.च्या पुढं निदान बाईचं नाव तरी असायचं.

घरी येऊन मी कार्बन पेपर लावून पत्रक काढलं. मथळा होता, 'बाईला बाई म्हणा'. मॅडम आणि साहेब ही गेलेल्या इंग्रजांची मागं राहिलेली जोडी आहे, ती आपण डोक्यावर का घ्यायची, असं आत लिहिलं. कणकेची खळ करून ते शाळेच्या भिंतीला चिकटवलं. मुख्याध्यापकांनी ते फाडलं आणि मला दोन तास वर्गाबाहेर उभं केलं. मराठीच्या बाई जाता जाता माझ्या हातात लिमलेटची गोळी ठेवून गेल्या. 

माझी चुलती सरपंच झाली ती त्याच वर्षी.

जागा बायकांसाठी राखीव निघाली होती. पॅनेलला एक बाई हवी होती, आणि माझे चुलते कुणाच्या अध्यात ना मध्यात, त्यामुळे त्यांची बायको सगळ्यांना चालणारी. काकी ओझरकडची, सातवी शिकलेली. ती हो म्हणाली तेव्हा सगळ्यांना वाटलं, नवऱ्यानं सांगितलं म्हणून म्हणाली. पण तिला एक गोष्ट पाहिजे होती. तिची मुलगी, माझ्याहून वर्षानं मोठी, आठवीतून घरी बसली होती. आमच्या शाळेत मुलींसाठी संडास नव्हता. मुलांना भिंतीच्या आडोशाला मुतारी होती. आम्ही घाणेरीच्या झुडपांमागं जायचो, एकीनं रस्त्याकडं बघायचं, दुसरीनं बसायचं. बहुतेक जणी सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत. महिन्याच्या त्या दिवसांत शाळा बुडायची, आणि बुडता बुडता एक दिवस सुटायची. काकीच्या मुलीची तशी सुटली. काकीला शाळेत संडास पाहिजे होता. बाकी पाच वर्षांत तिला काहीही नको होतं.

आता पंचायतीत काय व्हायचं ते सांगते. काकीनं एकटीनं पुरुषांत जाऊ नये म्हणून सोबत मी जायचे, त्यामुळे हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पंचायतीच्या खोलीत एक टेबल, त्यामागं सरपंचाची हातांची खुर्ची, समोर सतरंजी. सदस्य सतरंजीवर. सदस्यांत सगळ्यात वडीलधारे म्हणजे थोरले आबा, माझ्या आजोबांचे भाऊ, म्हणजे काकीचे चुलत सासरे. पूर्वी बरीच वर्षं सरपंचही तेच होते. आता सासरा खाली बसलेला असताना सून खुर्चीवर कशी बसणार? काकी डोक्यावर पदर घेऊन दाराजवळ सतरंजीच्या टोकाला बसायची. आणि खुर्ची? खुर्ची रिकामी. चुलते तिथं बसायचे नाहीत, कारण ते सरपंच नव्हते. आबा बसायचे नाहीत, कारण ते आता सरपंच नव्हते. सरपंचाच्या खुर्चीचा मान राखायचा आणि सुनेची मर्यादाही राखायची, म्हणून सगळा गाव त्या रिकाम्या खुर्चीभोवती बसून कारभार करायचा. चहा आला की शिपाई पहिला कप टेबलावर खुर्चीसमोर ठेवायचा, क्षणभर थांबायचा, आणि मग तोच उचलून खाली काकीला नेऊन द्यायचा.

यात कुणी वाईट वागत नव्हतं, हे मला सगळ्यात भयंकर वाटायचं. सगळे अतिशय मानानं बोलत. ग्रामसेवक म्हणे, वहिनी, एवढी सही. सदस्य म्हणत, वहिनी, तुम्ही कशाला उठता, आम्ही बघतो. आबा तर थेट तिच्याशी बोलतच नसत. "सूनबाईंना सांगा," असं भिंतीला सांगत. काकी दोनतीनदा संडासाचा विषय काढायला गेली. पण तो शब्द सासऱ्यासमोर उच्चारायचा कसा? ती म्हणायची, "पोरींच्या सोयीचं काय तरी बघा." सगळे म्हणायचे, बघू, बघू. आणि पुढचा विषय फाट्यावरच्या कमानीचा. आसपासच्या गावांना सिमेंटच्या कमानी झाल्या होत्या, आमच्या गावाला नव्हती, आणि त्या वर्षीचा निधी कमानीला जाणार हे जवळपास ठरलेलं होतं.

मग एक दिवस घोडेगावहून पंचायत समितीच्या विस्तार अधिकारी आल्या. जीपमधून उतरल्या, हातात घड्याळ, खांद्याला पर्स, वयानं काकीएवढ्याच. ग्रामसेवक पुढं धावला. या मॅडम, बसा मॅडम. आणि त्यानं त्यांना सरळ त्या रिकाम्या खुर्चीवर बसवलं. आठ महिने ज्या खुर्चीला कुणी हात लावला नव्हता, तिच्यावर त्या बसल्या आणि फाईल उघडली. आबासुद्धा उठून उभे राहिले आणि त्या बसल्यावर बसले. काकी दाराजवळ, पदर सावरत.

आमच्याकडं माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला. आबांनी विचारलं, "मॅडम, तुमी कुठल्या?"

त्या म्हणाल्या, माहेर शिरूरकडचं, सासर आळ्याचं.

"आळ्यात कुणाच्यात?"

त्यांनी घर सांगितलं. आणि खोलीत सगळे एकमेकांकडं बघायला लागले, कारण आबांची सख्खी बहीण त्याच घरात दिलेली. नातं जुळवायला आमच्या लोकांना वेळ लागत नाही. त्या आबांच्या बहिणीच्या नातवाची बायको निघाल्या. म्हणजे नातसून. आता एरवी असं नातं निघालं की बाईनं लगेच पदर घ्यायचा, खाली वाकायचं, आणि निदान त्या खोलीत तरी परत वर बसायचं नाही. त्या हसल्या, म्हणाल्या, मग तुम्ही आमचे आजेसासरेच की. आणि खुर्चीवरून न हलता फाईलचं पान उलटून विचारलं, "शाळेत मुलींसाठी संडास किती आहेत?"

मी आबांच्या तोंडाकडं बघत होते. मला वाटलं, आता हे उठून जाणार. आबा म्हणाले, "एक बी न्हाई, मॅडम."

चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. नातसुनेनं आजेसासऱ्याला संडास विचारला, आजेसासऱ्यानं उत्तर दिलं, आणि वर म्हणाले, चहा घ्या मॅडम, गार व्हतोय. शिपायानं कप खुर्चीसमोर ठेवला. या वेळी तो खाली आला नाही.

घरी परतताना काकी पुढं चालत होती. मी बोलत होते. अधिकाऱ्याला एक न्याय आणि सरपंचाला एक, हे कसं चालतं, असं बरंच काही. 

चारपाच दिवसांनी आम्ही दोघी कांदा काटत बसलो होतो, शेडच्या सावलीला. काकी विळीवरून नजर न उचलता म्हणाली, "तू मला मॅडम म्हणशील का गं?"

मला वाटलं, चेष्टा करतेय. मी हसले.

"घरात नगं. पंचायतीत. तू म्हणलीस की बाकीची पोरं म्हणतील, पोरं म्हणली की माणसं म्हणतील. तू इंग्रजी शिकलेली."

 माझं पत्रक तिला माहीत होतं. वर्गाबाहेर उभी राहिले तेव्हा तिनंच घरी माझी बाजू घेतली होती. आता तिलाच तो शब्द पाहिजे होता. मी तिला सगळं सांगितलं, इंग्रज, गुलामी, साहेबाची मॅडम, आपली भाषा किती गोड, वहिनी, काकी, ताई, जगात कुठं नाहीत इतके मायेचे शब्द आपल्याकडं आहेत. तिनं सगळं ऐकलं. मधे टोपलीभर कांदा झाला.

"झालं तुजं? आता माजं ऐक. मला तितं वहिनी म्हणत्यात, काकी म्हणत्यात, सूनबाई म्हणत्यात. लई मानानं म्हणत्यात. आन त्या मानापायीच मी खाली बसती. वहिनीला दीर असतो. सूनबाईला सासरा असतो." तिनं कांद्याची पात खुडून बाजूला टाकली. "मॅडमला सासरा नसतो, बाळ."

मी म्हणाले, सरपंच म्हणायला लावू. पदच आहे तुझं.

"सरपंच म्हणलं की लोकं तुज्या चुलत्याकडं बघत्यात."

हे खरं होतं.  तरी मी नाहीच म्हणाले. तो शब्द मी तोंडातून काढणार नाही, म्हणाले, तुझ्यासाठीसुद्धा नाही. काकी रागावली नाही. "नगं काढू," म्हणाली, "बघू."

तिनं हे माझ्या आईलाही बोलून दाखवलं असावं, कारण पुढचा आठवडाभर आमच्या वाड्यावर दुसरा विनोदच नव्हता. आई म्हणायची, मॅडम, म्हशीची धार राहिलीय. शेजारीण म्हणायची, मॅडम, शेणकूट थापायला येताय न्हवं? काकी त्यांच्याबरोबर हसायची आणि शेणात हात घालायची. चुलते एकदा हळूच मला म्हणाले, तिला खरंच तसं वाटतंय का गं? मी म्हणाले, तिलाच विचारा. ते तिला विचारणार नाहीत हे आम्हा दोघांना माहीत होतं.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर मारुतीच्या देवळापुढं ग्रामसभा. ओट्यावर टेबल आणि ती खुर्ची, पंचायतीतून उचलून आणलेली. खाली सतरंजीवर पुरुष, पुढं आबा आणि आमची सगळी भावकी. मागं भिंतीला बायका. एरवी दोघीतिघी यायच्या, त्या दिवशी बऱ्याच होत्या. काकीनं घरोघर जाऊन बोलावलं होतं. ग्रामसेवकानं कमानीचा विषय वाचायला घेतला.

काकी बायकांतून उठली. सतरंजीच्या कडेकडेनं चालत ओट्यावर गेली आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. डोक्यावर पदर होताच. बसली नाही, फक्त हात ठेवला. 

ग्रामसेवक गोड आवाजात म्हणाला, वहिनी, तुम्ही तिथूनच सांगा की, मी लिहून घेतो. कुणी दीर म्हणाला, वहिनी, ऊन लागतंय, सावलीला बसा. सगळे तिची काळजी करत होते. मला ते सहन होईना. मी उठले आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हणाले, "सरपंच, खुर्चीवर बसा."

आणि काकी म्हणाली होती तेच झालं. सगळ्या माना चुलत्यांकडं वळल्या. चुलते पायाचा अंगठा बघायला लागले. मागून कुणीतरी म्हणालं, कंडक्टरच्या पोरीनं डबल बेल मारली, आता गाडी हलणार. सभा हसली.

तेवढ्यात आबांनी काठी घेतली आणि उठले.

आमच्याकडं रीत आहे. सुनेला वडीलधाऱ्यांसमोर करू नये असं काही करायची वेळ आली की वडीलधाऱ्यानंच खाकरून उठून जायचं. तो त्याचा चांगुलपणा समजतात. पण आबा गेले की मागं भावकी उठणार, भावकी उठली की सभा मोडणार, आणि कमानीचा ठराव मग पंचायतीच्या खोलीत, रिकाम्या खुर्चीसमोर होणार. हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. काकीलाही. तिचा हात खुर्चीवर तसाच होता. दोघंतिघं आबांबरोबर उठायच्या बेतात गुडघ्यांवर आले होते.

आबा चपलांपर्यंत गेले. एक पाय चपलेत घातला. आणि थांबले. काकीकडं बघितलं नाही. देवळाच्या घंटेकडं बघत म्हणाले,

"मॅडम, बसून घ्या. लोकं खोळंबल्यात."

  आबांनी चपलेतून पाय काढला, परत येऊन होते तिथं बसले, काठी मांडीवर आडवी ठेवली. गुडघ्यांवर आलेले परत मांडी घालून बसले. आणि काकी खुर्चीवर बसली.

तिनं पदर सावरला. मग म्हणाली, "माजी पोरगी आठवीतनं घरी बसली. का बसली ते मी कुणाला सांगितलं न्हाई, कारण त्यो शबुद सुनेच्या तोंडी बरा दिसत न्हाई. शाळंत संडास न्हाई म्हणून बसली. तुमच्या बी बसत्यात. कमान पुढच्या साली बांधा. कमानीखालनं जायला पोरी शाळंत तर पायजेत."

हात वर करायची वेळ आली तेव्हा पुरुषांनी आधी आबांकडं पाहिलं. आबांचा हात काठीसकट वर होता.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याहून जास्त मी हबकले होते. माझ्या घरातली सगळी पत्रकं, वडिलांच्या सगळ्या सभा, माझा खणखणीत आवाज, यातल्या कशानं ती खुर्ची भरली नव्हती. ती भरली माझ्या नावडत्या शब्दानं, आणि तो काढला कुणी तर आबांनी.

त्याच संध्याकाळी आबा आमच्याकडं जेवायला होते. काकीनं डोक्यावर पदर घेऊन, दाराच्या आडून हात पुढं करून भाकरी वाढली. आबा भिंतीला म्हणाले, सूनबाईंना सांगा, कालवण झकास झालंय. सकाळचं जसं काही घडलंच नव्हतं. मला राहवेना. मी तोंडावर विचारलं, आबा, सकाळी मॅडम आणि आता परत सूनबाई? तिला इथंपण वर का बसवत नाही?

आई मला गप्प करायला लागली. आबांनी हातानं तिला थांबवलं.

"सुनंम्होरं मला बसता येत न्हाई," ते म्हणाले, "मॅडमम्होरं बसता येतं. सभा बी मोडायची नव्हती आन मर्यादा बी. मंग मी काय वाईट केलं, सांग बरं."

मी सांगू शकले असते. आज सांगू शकते. मर्यादा मोडायलाच पाहिजे होती आबा, एका परक्या शब्दाच्या आडोशानं तिला वळसा घालून तुम्ही ती जपलीत, पुढच्या सुनांसाठी शाबूत ठेवलीत. पण तेव्हा दाराआडून काकीचा हात आला आणि त्या हातानं माझ्या ताटात न मागता भाकरी टाकली. मी जेवले.

काकी गावाची मॅडम झाली. बसस्टँडवर, दूध डेअरीत, लोणीच्या बाजारातसुद्धा. मी एकटीच काकी म्हणत राहिले. संडासाचं बांधकाम सुरू झालं, पावसाळ्यात थांबलं, परत सुरू झालं. मी दहावीत असताना ते पुरं झालं. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून दोन खोल्या, पत्र्याची दारं, पाण्याची टाकी. आम्ही मुली मधल्या सुट्टीत जाऊन नुसती बघून यायचो.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप होतं. दोन्ही दारांना मिळून एक साखळी आणि एक कुलूप. वरच्या बोर्डावर पेंटरकडून ऑइलपेंटनं लिहून घेतलं होतं, 'मॅडम'.

मी मुख्याध्यापकांकडं गेले. ते म्हणाले, मुली घाण करतात, पाणी टाकत नाहीत, वस्तू नवी आहे. मॅडम लोक पुण्याहून येतात, त्यांची गैरसोय होते. तुम्ही इतकी वर्षं जाताच आहात की. चावी त्यांच्या टेबलाच्या खणात होती. बाहेर आले तर मराठीच्या बाई व्हरांड्यात उभ्या. मी विचारलं, बाई, तुम्हाला तरी मिळते का चावी? त्या म्हणाल्या, बोर्डावर काय लिहिलंय वाचलंस ना.

मी शाळेतून तशीच पळत मळ्यात गेले. काकी पाणी धरत होती. मी सांगत होते आणि माझं मलाच रडू यायला लागलं होतं, संतापानं. मी म्हणाले, बघ, बघ तुझा शब्द. हाच शब्द पाहिजे होता ना तुला? काकीनं पाटाचं बारं मातीनं बांधलं, पाय धुतले, पदर खोचला आणि म्हणाली, चल.

मुख्याध्यापक तिला बघून खुर्चीतून उठले. या मॅडम, बसा मॅडम, चहा सांगतो. काकी बसली नाही. म्हणाली, "मागल्या खोलीची चावी द्या जरा."

त्यांचा गैरसमज झाला. तो त्यांच्या तोंडावर अगदी स्पष्ट दिसत होता. शेतातून आलेली बाई, निकड असेल. त्यांनी लगबगीनं खण उघडला, चावी दोन्ही हातांनी पुढं केली. "तुमच्यासाठी कधीही, मॅडम. तुमच्याच कृपेनं झालंय सगळं."

मधली सुट्टी झाली होती. काकी मागं गेली, कुलूप काढलं, साखळी ओढून काढली, दोन्ही दारं सताड उघडली. मुली लांब उभ्या राहून बघत होत्या. घाणेरीच्या झुडपांकडं निघालेल्या वाटेतच थांबल्या. काकीनं हात हलवला.

"या मॅडम," ती म्हणाली. "तुमी बी या मॅडम. तिकडं कुठं निघालात, मॅडम?"

मुली हसायला लागल्या, पण कुणी पुढं येईना. मुख्याध्यापक मागून आले. अहो मॅडम, हे, असं नका करू, शिस्त राहणार नाही. काकी वळली.

"सर, बोर्डावर मॅडम लिवलंय न्हवं?"

"हो, पण..."

"मंग ह्या कोण हायत?"

सर बोर्डाकडं बघायला लागले. विज्ञानाच्या मॅडम खिडकीतून बघत होत्या. मराठीच्या बाई व्हरांड्यातून उतरल्या, साडी सावरत आल्या आणि कुणाकडं न बघता रांगेत पहिल्या उभ्या राहिल्या. त्यांच्यामागं दोघी आल्या, मग चौघी. काकीनं साखळी टाकीमागच्या खड्ड्यात टाकली, कुलूप चावीसकट पदराला बांधलं, घट्ट गाठ मारली आणि दाराशी उभी राहिली. एकेक बाहेर आली की पुढचीला आत सोडायची. सगळ्यांना तुम्ही, सगळ्यांना मॅडम. पाचवीतल्या एका पोरीला रडू फुटलं, कारण तिला वाटलं आत गेल्यावर मारतात.

माझा नंबर आला. मी काकीकडं बघितलं. ओल्या मातीचे पाय, कमरेला खोचलेला पदर, त्याला लोंबणारं कुलूप. मी दोन वर्षं त्या शब्दाशी भांडत होते. आजही त्याच्याशी माझं पटत नाही. ती माझ्याकडं बघून हसली नाही. इतर मुलींशी बोलत होती त्याच आवाजात म्हणाली,

"चला मॅडम. कडी आतनं लावा."